रोज एक चौकोन

मार्गशीर्ष लागला की पिंपळवंडीच्या शिवारात गारवा जमिनीलगत येऊन बसतो. कांद्याची लागवड चालू असते, उसाला तोड आलेली असते. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या धारा कुणाला चुकत नाहीत. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्यापासून दिवस मावळायच्या आत शेतातून घरी यायची घाईही वाढली आहे. अशा घरातल्या बाईला सलग तीन तास कधी मिळत नाहीत. मिळतात ती सुटी मिनिटं: दूध डेअरीवर पाठवल्यावर वीस, आमटीला उकळी येईपर्यंत दहा, जेवणं उरकल्यावर अर्धा तास. इतक्या मिनिटांवर अख्खं पांघरूण विणून होतं. त्याची रीत सोपी आहे. रोज क्रोशाचा एकच चौकोन विणायचा, तो त्याच दिवशी पुरा करायचा आणि दुसऱ्या दिवशी वेगळी वीण घ्यायची.

या रीतीत शिस्त आहे, शिक्षण आहे आणि हिशेबही आहे. तिन्हींनाही आपल्याकडे मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही, म्हणून हा लेख.

एकच जिवंत फासा

दोन सुयांच्या विणकामात त्या ओळीचे सगळे टाके सुईवर उभे असतात. मध्येच गाय हंबरली, मूल रडलं, सुई निसटली की पन्नास-साठ टाके एकदम मोकळे होण्याची धास्ती असते. क्रोशात आकड्याच्या सुईवर कोणत्याही क्षणी एकच फासा जिवंत असतो, मागचे टाके जागच्या जागी बांधले गेलेले असतात. उठायचं झालं तर तो फासा ओढून मोठा करायचा आणि उठायचं. परत आल्यावर सुई घालून धागा ताणला की काम तिथूनच पुढे. वेळ तुकड्यांत मिळणाऱ्या माणसाला क्रोशे मानवतो, त्याचं खरं कारण हे आहे.

चौकोनामुळे ही सोय आणखी वाढते. अख्खं पांघरूण एकसंध विणायला घेतलं तर महिन्याभरात ते मांडीवर मावेनासं होतं, बरोबर नेता येत नाही. चौकोन पिशवीत राहतो, एसटीत विणता येतो, दवाखान्याच्या रांगेतही विणता येतो. चुकला तर एका दिवसाचं काम उसवतं, महिन्याचं नाही.

गोधडीची बहीण

हातविणीच्या कापडांत क्रोशे वयाने लहान आहे. त्याचे छापील नमुने युरोपात 1820च्या दशकात दिसू लागले. आयर्लंडमध्ये 1845नंतर बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर कित्येक शेतकरी कुटुंबांच्या चुली पेटत्या राहिल्या. मध्यापासून बाहेर विणत जायचा जो रंगीबेरंगी चौकोन आज जगभर ओळखला जातो, त्याचा छापील नमुना 1885 साली अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतीविषयक नियतकालिकात आला होता. उरल्यासुरल्या लोकरीचा उपयोग करण्यासाठी शेतकऱ्यांच्या घरातली ही युक्ती होती.

आपल्याला ही वृत्ती परकी नाही. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, विरलेल्या जागी ठिगळ देऊन, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत गेलेली गोधडी याच काटकसरीतून आली. क्रोशेही मराठी घरात मुरला तो सणासमारंभांच्या वाटेने. दारावरचं तोरण, ताटावरचा रुमाल, रुखवतात मांडलेली महिरप, बाळंतविड्यातलं टोपडं आणि पायमोजे हे सगळं आज्या-मावश्यांच्या हातचं असे. मात्र ते बहुतेक शोभेचं काम होतं. रोज अंगावर घ्यायच्या पांघरुणासाठी ही सुई आपल्याकडे कमी वापरली गेली, आणि शिकायला सगळ्यात जास्त वाव तिथेच आहे.

पोत उमटतो कसा

क्रोशाची बाराखडी चार टाक्यांची आहे: साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब. मुका खांब बुटका आणि घट्ट असतो. खांब विणताना सुईवर आधी एक वेढा घेतात, म्हणून तो उंच होतो. पोत म्हणजे हेच टाके वेगळ्या जागी, वेगळ्या उंचीने आणि वेगळ्या दाटीने बसवणं. कोणता पोत कशामुळे येतो हे एकदा कळलं की नमुना पाठ करावा लागत नाही.

पहिला प्रश्न, सुई कुठे घालायची. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन दोरे दिसतात. दोन्हींखालून सुई घातली तर कापड सपाट येतं. फक्त मागच्या दोऱ्यातून घातली तर पुढचा दोरा उघडा राहतो आणि आडव्या रेघा उठतात. त्या कापडाला ताणही चांगला असतो. डोकं सोडून खालच्या ओळीतल्या खांबाच्या अंगाभोवतीच सुई फिरवली, तर नवा खांब पुढे उचलला जातो. मागच्या बाजूने फिरवली तर तो आत दबतो. चार खांब पुढून, चार मागून, आणि दोन-तीन ओळींनंतर उलट, असं केलं की टोपलीची वीण तयार होते. दोन खांब सोडून पुढचे दोन आधी विणायचे आणि मग मागे येऊन सोडलेले दोन विणायचे, की खांब एकमेकांवरून जातात आणि वेणी पडते.

दुसरा प्रश्न, एका जागी किती टाके. एकाच टाक्यात पाच खांब अर्धवट विणून शेवटी सगळ्यांची डोकी एकत्र बांधली की टपोरा दाणा उठतो. हे दाणे उलट बाजूच्या ओळीत विणावेत, म्हणजे ते सुलट बाजूला आपोआप बाहेर येतात. पाच खांब पूर्ण विणून सुई काढली आणि पहिल्या खांबाच्या डोक्यातून शेवटचा फासा ओढून घेतला तर दाणा जास्त पोकळ आणि उठावदार होतो. तेच पाच खांब न बांधता पसरू दिले तर शिंपला होतो. एक मुका खांब, एक साखळी आणि पुढच्या ओळीत त्या साखळीच्या पोकळीत मुका खांब, एवढ्या साध्या क्रमातून बारीक, मऊ आणि चारही बाजूंनी सारखी राहणारी वीण मिळते. नवशिक्या हाताने सुरुवात हिच्यापासून करावी.

तिसरी गोष्ट कोपऱ्यांची. मध्यापासून विणलेल्या चौकोनात प्रत्येक फेरीला चारही कोपऱ्यांत टाके वाढवावे लागतात. वाढ कमी पडली तर चौकोनाची वाटी होते, जास्त झाली तर कडेला झालर येते. या झालरीत मोठं गणित दडलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी 1997 साली ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन अतिवलयी (हायपरबोलिक) भूमितीचा पृष्ठभाग क्रोशाने विणला. कागदावर समजायला अवघड असलेली ती भूमिती विद्यार्थ्यांना हातात धरून पाहता आली. घरी बसून कोपऱ्यातले टाके मोजणारी बाई त्याच नियमाशी व्यवहार करत असते.

पोत दिसायला छान असतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो ऊब देतो. पांघरुणाची ऊब धाग्यांमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेची असते. दाणे, रेघा आणि खोलगट चौकटी हवा धरून ठेवतात, मोठ्या जाळीतून ती निसटते. म्हणून जाळीच्या विणी चौकोनांत थोड्याच ठेवाव्यात. तान्ह्या बाळाच्या पांघरुणात तर त्या टाळाव्यातच, कारण बाळाची बोटं जाळीत अडकतात.

मापाचं गणित

चौकोन 15 सेंटिमीटरचा धरला तर आडवे 8 आणि उभे 10 असे 80 चौकोन लागतात. त्यांचं 120 बाय 150 सेंटिमीटरचं पांघरूण होतं. मुलाला ते सहज पुरतं, मोठ्या माणसाला मांडीवर घ्यायला होतं. मार्गशीर्ष, पौष आणि माघ मिळून साधारण 88 दिवस भरतात. रोज एक या हिशेबाने चौकोन त्या तीन महिन्यांत होतात आणि जोडणीला आठवडाभर उरतो. एका माणसाच्या पलंगासाठी 10 बाय 15, म्हणजे 150 चौकोन धरावेत.

सगळ्यात मोठी अडचण मापाची येते. टाके तेवढेच घेतले तरी वेणीची वीण आत ओढते, शिंपल्याची पसरते, दाण्यांची फुगते. त्यामुळे टाके मोजून चौकोन सारखे येत नाहीत. पुठ्ठ्याचा 15 सेंटिमीटरचा चौकोन कापून जवळ ठेवावा. वीण 13 सेंटिमीटरपर्यंत नेऊन थांबावं आणि उरलेली जागा मुक्या खांबांच्या दोन फेऱ्यांनी भरावी. शेवटच्या फेरीत प्रत्येक बाजूला टाक्यांची संख्या सगळ्या चौकोनांत एकच ठेवावी. मग आतली वीण कोणतीही असो, कडा कडेला बरोबर बसते. धाग्याची टोकं त्याच दिवशी सुईने आत ओवून टाकावीत. ती साठवून ठेवली तर 80 चौकोनांची 160 टोकं शेवटी समोर येतात आणि बरीच पांघरुणं तिथेच अडून पडतात.

धागा कोणता घ्यावा

जुन्नर भागाला लोकर नवी नाही. पारनेरच्या कोरडवाहू पट्ट्यातले मेंढपाळ कळप घेऊन इकडे येतात, पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसवतात. त्यांच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. चिंचोक्याची खळ देऊन हातमागावर विणलेली तिची घोंगडी पावसापाण्यात टिकते आणि वर्षानुवर्षं जाते. क्रोशाच्या मऊ पांघरुणासाठी मात्र ती टोचते. म्हणून घोंगडीचं काम घोंगडीला करू द्यावं.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतो तो धागा बहुधा अ‍ॅक्रिलिक असतो. तो स्वस्त, हलका आणि धुवायला सोपा आहे, रंगही भरपूर मिळतात. पण तो आगीजवळ वितळतो, म्हणून चुलीपाशी आणि शेकोटीपाशी ते पांघरूण घेऊन बसू नये. त्यावर गरम इस्त्रीही फिरवू नये, पोत कायमचा चेपतो. सुती धागा अंगाला छान लागतो आणि उन्हाळ्यातही चालतो, पण वजनदार होतो आणि ओला झाल्यावर ताणतो. मध्यम जाडीच्या धाग्याला 4 ते 5 मिलिमीटरची सुई पुरते. एका पांघरुणात एकाच जातीचा धागा वापरावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात काही चौकोन आवळतात आणि काही सैल पडतात.

उठावाची वीण धागा जास्त खाते. आधी वेगवेगळ्या विणींचे 10 चौकोन विणून त्यांचं वजन करावं आणि त्याला आठाने गुणावं. लागणाऱ्या धाग्याचा अंदाज मिळतो. पायाचा रंग एकाच लॉटचा एकदम घेऊन ठेवावा, नंतर आणलेल्या गुंडीत छटा बदलते.

हाताचं मोल

एकेका चौकोनाची मिळून केवढी मजल जाते, हे 31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत दिसलं. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातल्या स्त्रियांनी घरोघरी विणलेले चौकोन एकत्र जोडले आणि 11,148.5 चौरस मीटरचं पांघरूण अंथरलं. गिनीज बुकात जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं पांघरूण म्हणून त्याची नोंद झाली.

आंध्रातल्या नरसापूरची गोष्ट दुसरी बाजू दाखवते. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे क्रोशाची लेस रुजवली आणि तिची निर्यात वाढली. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने 1982 साली तिथल्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रिया कागदोपत्री ‘गृहिणी’ होत्या. त्यांचं काम फावल्या वेळाचं समजलं जाई, म्हणून मजुरी नाममात्र मिळे आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई. 2024 मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलं झालं. पण मानांकन कापडाला मिळतं, तासांचा हिशेब ज्याचा त्यालाच मांडावा लागतो.

दोन सुयांच्या विणीची यंत्रं गिरण्यांत केव्हाची आली. खऱ्या क्रोशाचा बाजारासाठी माल काढणारं यंत्र आजही नाही. दुकानात क्रोशाची वस्तू कितीही स्वस्त दिसली तरी ती कुणाच्या तरी हाताने विणलेली असते. तिची स्वस्ताई त्या हाताच्या मजुरीतूनच काढलेली असते.

तेव्हा आपला हिशेब साधा ठेवू. एका चौकोनाला पाऊण तास धरला तर 80 चौकोनांना 60 तास लागतात. जोडणी आणि काठाला 12 तास धरा. एकूण 72 तास, म्हणजे आठ तासांचे नऊ दिवस. पिंपळवंडीत कांदा लावायला गेलेली बाई नऊ दिवसांची जी मजुरी घेते, तेवढी रक्कम अधिक धाग्याचा खर्च ही या पांघरुणाची किमान किंमत आहे. पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये टेबल मांडणाऱ्या बचत गटांनी हा आकडा खाली येऊ देऊ नये. घेणाऱ्यांनीही ‘घरबसल्या तर केलंय’ म्हणून घासाघीस करू नये.

आणि विकायचं नसेल, घरासाठी किंवा उसाच्या फडावर उतरलेल्या एखाद्या लेकरासाठी विणायचं असेल, तरी आज एक चौकोन पुरा करा आणि वहीत तारीख व विणीचं नाव लिहा. थंडी सरेपर्यंत पांघरूण तयार असेल, आणि ऐंशी विणी तुमच्या हाताला कायमच्या येत असतील.