भोरड्यांची राखण आणि पायातले कडे



संक्रांतीच्या सुमारास रब्बी ज्वारी चिकात येते आणि पोखर्णीच्या शिवारात डब्यांचे व गोफणींचे आवाज सुरू होतात. भोरड्या उतरलेल्या असतात. एक थवा आला की आभाळ काळे होते, आणि माळ्यावरचा राखणदार क्षणभर दुसरीकडे पाहील तेवढ्यात कणसांची टोके मोकळी होतात. या पाखराबद्दल शेतकऱ्याच्या मनात राग आहे आणि तो रास्तही आहे. पण हा पाहुणा कोण, कुठून येतो आणि दुसरे काय करतो, हेही घरात माहीत असावे, म्हणून हा लेख.

भोरडीला पुस्तकात पळस मैना म्हणतात. अंग गुलाबी, डोके, पंख व शेपूट काळे, डोक्यावर शेंडी. थव्यातली मातकट रंगाची पाखरे ही त्या वर्षीची पिल्ले. ती आपल्याकडे घरटे करीत नाही. तिचे माहेर मध्य आशियातील कझाकस्तान व आसपासच्या गवताळ प्रदेशांत. तिथे ती पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा उपद्रव आवरावा म्हणून सरकारने या पाखरांसाठी दगड-विटांची घरटी बांधून दिली. म्हणजे आपण ज्याला दगड मारतो, त्याला तिकडे घर बांधून देतात! उन्हाळ्यात तिथले काम आटोपले की ती आपल्याकडे येते, आणि एप्रिलच्या सुमारास परत जाते.

आपल्याकडेही ती नुसती ज्वारीच खाते असे नाही. शेतातले नाकतोडे व अळ्या ती वेचते. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा व सावर फुलले की भोरड्या फुलात चोच घालून मध पितात, आणि कपाळाला लागलेले पराग या झाडावरून त्या झाडावर नेतात. बांधावरचा पळस तोडला तर पाखरू उपाशी राहत नाही, ते तुमच्या कणसावर बसते. हा हिशेब लक्षात ठेवावा.

नुकसान वाढण्याचे दुसरे कारण आपणच आहोत. पूर्वी सारे शिवार ज्वारीचे असे, थवा विखुरला जाई. आता सोयाबीन, कापूस व हरभरा वाढला, आणि मध्ये एखाद्यानेच मालदांडी पेरली की सगळा थवा त्याच्याच रानात उतरतो. तेव्हा ज्वारी करायची तर शेजाऱ्यांनी मिळून, लागून असलेल्या रानांत आणि एकाच आठवड्यात पेरावी. राखणही वाटून घेता येते. दाणा चिकात आल्यापासून टणक होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे, त्यातही सकाळी व सायंकाळी, राखण कडक हवी. भर दुपारी थवा झाडावर विसावतो. तेव्हा घरच्या बाईमाणसाला आणि पोरांना उन्हात उभे करण्यात अर्थ नाही. चमकणारी फीत थोडे दिवस उपयोगी पडते, मग पाखरू तिला सरावते. तिची जागा बदलत राहावी.

विषारी दाणे मात्र कोणीही टाकू नयेत. त्याने भोरडीबरोबर साळुंकी, मोर, कुत्री व कोंबड्याही मरतात. वन्यपक्ष्यांना जाळ्यात धरणे किंवा मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

याउलट हरभऱ्यात पाखरे मुद्दाम बोलवावीत. एकरी साधारण वीस पक्षीथांबे, म्हणजे आडवी काठी बांधलेल्या खुंट्या, पिकापेक्षा फूटभर उंच रोवाव्यात. कोतवाल, वेडा राघू व साळुंकी त्यांवर बसून घाटेअळी टिपतात. पेरताना हरभऱ्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळले तर त्यांची ताटेही थांब्याचे काम करतात. अंगणात मातीचे उथळ परळ, त्यात एक दगड, आणि एक दिवसाआड ताजे पाणी, एवढे केले तरी पुरे. मांजराला दबा धरता येईल अशा आडोशाला मात्र परळ ठेवू नये.

शहरातली काही मंडळी परदेशाचे पाहून बाटलीत साखरपाणी टांगतात. अमेरिकेत गुंजन पक्ष्यासाठी, हमिंगबर्डसाठी, ही चाल आहे. एक भाग साखर, चार भाग पाणी. तो पक्षी फक्त अमेरिका खंडांतच असतो. आपल्या जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर. त्याला बाटली नको; दारात जास्वंद, कर्दळ, शेवगा लावावा. आपल्या उन्हात साखरपाणी लवकर आंबते.

पण त्या बाटलीपाशी येणाऱ्या पाखरांपासून एक मोठी गोष्ट कळली. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडातील टॅलाहासी येथे अशा एका गुंजन पक्ष्याच्या पायात नंबराचे बारीक कडे घातले. त्याच वर्षी जूनमध्ये तो अलास्कात पुन्हा हाती लागला. अंतर साडेपाच हजार किलोमीटरांच्या वर, आणि वजन अवघे तीन-चार ग्रॅम! कड्याची ही युक्ती डेन्मार्कच्या मोर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनेच्याच जातीच्या पाखरांवर नीट रीतीने सुरू केली. आपल्या देशात हे काम मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते. डॉ. सालिम अली यांनी १९५९ नंतर ते मोठ्या प्रमाणावर उभे केले. भरतपूरला कडी घातलेली बदके सोव्हिएत रशियात सापडली, ती याच कामातून.

कडे घालायला परवाना व शिक्षण लागते. आपण ते करू नये. पण कडे आढळणे आपल्या हाती आहे. तारेला आपटून मेलेले किंवा विहिरीत पडलेले पाखरू दिसले, तर आधी पायाकडे पाहावे. कड्यावर इंग्रजीत संस्थेचे नाव व नंबर कोरलेला असतो. पाखरू जिवंत असेल तर नंबर लिहून घेऊन, जमल्यास फोटो काढून, त्याला लगेच सोडावे. कडे काढू नये. मेलेले असेल तर उघड्या हाताने न उचलता हातात पिशवी घालून कडे काढावे आणि जपून ठेवावे. गावाचे व जिल्ह्याचे नाव, तारीख, पाखरू कसे सापडले ते आणि नंबर, एवढे लिहून संस्थेला मुंबईस हॉर्नबिल हाऊसच्या पत्त्यावर कळवावे. इंग्रजी वाचता येत नसेल, तर शाळेतल्या गुरुजींकडून किंवा कृषी सहायकाकडून नंबर उतरवून घ्यावा. एक आकडा चुकला तरी पाखराचा पत्ता हरवतो.