आडवी होऊन उठणारी नौका

अंबाझरी तलावावर कितीही जोराचा वारा सुटला तरी लाट फार वाढत नाही. लाटेची उंची ठरते ती वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि पाण्यावरून त्याला मोकळी धाव किती मिळते यांवर. तलावात ही धाव या काठापासून त्या काठापर्यंतच असते. दक्षिण महासागरात मात्र वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही, आणि तो लाटांना दिवसेंदिवस रेटत राहतो. कोणत्याही किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या नागपूरकरांची नौकेबद्दलची समजूत तलावातल्या होडीवरून बनलेली असते: डुलते ती धोक्याची, रुंद बुडाची आणि घट्ट बसलेली ती सुरक्षित. महिनोन् महिने समुद्रात राहणाऱ्या शिडाच्या नौकेला ही समजूत लावली तर फसगत होते. ती थोडी कलली म्हणून काही बिघडत नाही. किती अंशांपर्यंत आडवी होऊन ती परत उठते, आणि उठल्यावर स्वतःच्या बळावर चालू शकते का, यावर तिची पारख व्हायला हवी.

नौकेचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली खेचते आणि पाणी तिला बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत राहत नाहीत, आणि त्यांच्यातले आडवे अंतर हीच तिला सरळ करणारी तरफ. रुंद नौकेत ही तरफ सुरुवातीला झटकन वाढते, म्हणून ती धक्क्याला बांधलेली असताना भक्कम वाटते. पण तीच रुंदी नव्वद अंशांपलीकडे उलटी फिरते, आणि पालथी पडलेली रुंद नौका पालथीच स्थिर राहते. खोल कीलच्या, म्हणजे तळाखाली उतरणाऱ्या पात्याच्या, टोकाला शिसे असलेली नौका आधी सहज कलते, पण जितकी कलेल तितका तो भार तिला जोराने परत आणतो. हा जोर ज्या कोनाला संपतो तो कोन महत्त्वाचा. खुल्या महासागरासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात पाच टनांच्या नौकेसाठी तो किमान १२० अंश लागतो. जड नौकांना सूट मिळते, पण १०० अंशांच्या खाली नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली आणि २००९ मध्ये नौदलात आलेली ‘म्हादेई’ याच विचाराची आहे. डच आराखडा, ५६ फूट लांबी, सुमारे २३ टन वजन, आणि तळाशी जड बोंड असलेली खोल कील.

हा विचार नुसत्या कागदावरचा नाही. शिडाच्या नौकांच्या १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या, वादळाने त्यांना गाठले आणि पंधरा खलाशी दगावले. चोवीस नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांपैकी बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत जे प्रयोग झाले त्यांतून दिसले की नौका उलटवतो तो वारा नव्हे, तर बाजूने येऊन फुटणारी लाट. साउदॅम्प्टनमधल्या प्रतिकृतींच्या चाचण्यांत नौकेच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंचीची फुटती लाट काही नौकांना पार आडवे करी, आणि ६० टक्के उंचीच्या लाटेपुढे एकही टिकली नाही. दुसरा निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता. उंच डोलकाठीमुळे गुरुत्वमध्य वर जातो, तरीही ती मोडलेली नौका अधिक सहज उलटते. डोंबाऱ्याच्या हातातली लांब काठी त्याला पटकन एका बाजूला झुकू देत नाही, तशीच डोलकाठी लाटेच्या क्षणिक तडाख्याला विरोध करते. याच काळात रुंदी आणि वजनावरून धोका सांगणारे एक सोपे सूत्र निघाले. उत्तर दोनपेक्षा कमी आले तर नौका चांगली. ‘म्हादेई’चे उत्तर माझ्या हिशेबाने पावणेदोनच्या आसपास येते. मात्र तळाचे सगळे शिसे उचलून डोलकाठीच्या शेंड्यावर ठेवले तरी उत्तर तेच राहील, हे विसरून चालणार नाही. असे आकडे चाळणीपुरते ठीक. त्यांच्यावर जीव सोपवू नये.

मग वेगाचे काय? पाण्यात चालणारी नौका स्वतःची लाट उठवते आणि तिच्यातच अडकते. त्यामुळे जलरेषेची लांबी जितकी जास्त, तितकी वेगाची मर्यादा वर, पण लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. २८ फुटांना सुमारे सात नॉट (तासाला सात सागरी मैल), ५० फुटांना साडेनऊ. मुंबईच्या कुलाब्यात सागवानातून बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’ने रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना एकट्यांनाच १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, जगाभोवती नेले, सरासरी चार नॉटच्या आसपास. नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’तून तीच कामगिरी सुमारे दीडशे दिवसांत केली, सरासरी सहाच्या वर. वाटा वेगळ्या, काळ वेगळा, हे मान्य. तरी लांबीमुळे फार तर एक-तृतीयांश फरक पडायला हवा होता, पडला त्याहून बराच जास्त. उरलेला फरक तळाच्या घडणीचा, शिडांचा आणि वाऱ्याविरुद्ध चढण्याच्या क्षमतेचा असावा. आणि दीडशे दिवस कमी म्हणजे दीडशे दिवसांचे पाणी, अन्न आणि वादळाची जोखीम कमी. खडकाळ किनाऱ्याकडे वारा रेटत असेल तेव्हा वाऱ्याविरुद्ध चढणारी नौकाच सुटते. वेग हा चैनीचा भाग नाही, तो सुरक्षिततेचाच एक अंश आहे.

यावर जुन्या पद्धतीचे चाहते म्हणतील की १९६८-६९ च्या त्या शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी एकटी जड, संथ ‘सुहेली’च पोहोचली. आक्षेप वजनदार आहे. लांब कीलची नौका सरळ रेषेत चालते, सुकाणूवर कमी श्रम पडतात आणि तिची डोल सौम्य असते. एकट्या माणसाला झोप मिळणे हीसुद्धा सुरक्षितताच. पण २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी ‘सुहेली’चीच गोव्यात बांधलेली प्रतिकृती ‘तुरीया’ घेऊन उतरले होते. २१ सप्टेंबरला वादळाने तिची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवरून एका फ्रेंच जहाजाने तीन दिवसांनी त्यांना उचलले, तेव्हा ‘तुरीया’ तरंगत होती. नौका उठली होती. चालू शकत नव्हती. म्हणजे जुना आराखडा ही हमी नाही, तसे केवळ उठणेही पुरेसे नाही. डोलकाठी, तिला ताणून धरणाऱ्या तारा, लाट आत न घेणाऱ्या झडपा, आत घट्ट बांधलेले सामान आणि थकवा न आणणारी शिडांची रचना, हे सगळे एकाच हिशेबात धरायला हवे. ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा आणि २०२४-२५ मध्ये दोन महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन जगाला फेरी मारून आली. त्यात या सगळ्याचा वाटा आहे, आणि त्या अधिकाऱ्यांच्या दीर्घ सरावाचाही. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर औटी यांनी नौदलाच्या या जगप्रदक्षिणांचा, म्हणजे सागर परिक्रमेचा, आग्रह धरला तेव्हा नौका आणि माणूस दोन्ही इथलेच घडावेत ही त्यांची इच्छा होती. ती योग्यच होती.

हे सारे समजायला समुद्र लागत नाही. गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्रात एक काचेची टाकी ठेवावी आणि तिच्यात दोन छोट्या नौका सोडाव्यात: एक रुंद आणि हलकी, दुसरी अरुंद आणि खाली-वर सरकवता येईल अशा वजनाच्या कीलची. मुलांनी ते वजन वर-खाली करावे, नौका हाताने कलवून कोन मोजावा, कोणत्या कोनाला ती परत यायचे थांबते ते वहीत टिपावे आणि मग डोलकाठी काढून टाकीत तीच लाट पुन्हा उठवावी. खर्च किरकोळ आहे, आणि शाळेच्या पुस्तकातली तरफ, उत्प्लावक बल आणि गुरुत्वमध्य हे तिन्ही धडे त्या एका टाकीत होतील.