थंडीतली प्रेशर टेस्ट : हवा नको, पाणीच
(लेखमाला : आग आणि पाणी, लेखांक ७)

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर नेणाऱ्या खानदेशात गोठणबिंदूची चर्चा कशाला, असं जामनेर तालुक्यातल्या पहूरच्या वाचकाला वाटणं साहजिक आहे. पण हा मुलूख प्लास्टिक पाइपांचा आहे. पहूरजवळचं वाकोद हे भवरलाल जैन यांचं जन्मगाव. त्यांनी १९८० मध्ये जळगावात पीव्हीसी पाइप बनवायला सुरुवात केली. जामनेर तालुक्यातल्याच गाडेगावात सुप्रीम इंडस्ट्रीजचा कारखाना आहे. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपासाठी आयएस ४९८५ हे मानक लागू होतं आणि त्यातली आघात चाचणी शून्य अंशावर घ्यायची असते. बाहेर ऊन भाजत असलं तरी प्रयोगशाळेत पाइपाचे तुकडे शून्य अंशापर्यंत गार करायचे, बाहेर काढल्याबरोबर त्यांच्या घेरावर आखलेल्या रेषांवर ठरावीक उंचीवरून गोल टोकाचं वजन पाडायचं आणि किती ठोक्यांना तडा गेला ते मोजायचं. हे शून्य अंश मानकात उगाच आलेले नाहीत. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि उन्हाळ्यात जो धक्का ते सहज पचवतं त्याच धक्क्याने हिवाळ्यात चिरफळतं.

आगीच्या स्प्रिंकलरसाठी वापरला जाणारा सीपीव्हीसी पाइप याच कुळातला. त्याच्यासाठी आयएस १६०८८ हे वेगळं भारतीय मानक २०१२ मध्ये आलं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० बाळं दगावली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या. चालू रुग्णालयात वेल्डिंगच्या ठिणग्या उडवत लोखंडी पाइप चढवणं अवघड, तिथे सोल्युशन लावून जोडायचा हलका सीपीव्हीसी सोयीचा. म्हणून बसवल्यावर त्याची दाबाची चाचणी कशी घ्यायची, हा प्रश्न केवळ फिटरचा नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे : थंडी कितीही असो, ही चाचणी पाण्यानेच घ्यावी. पाणी वापरता येत नसेल तर चाचणी पुढे ढकलावी, पण हवेचा कॉम्प्रेसर जोडू नये.

कारण साध्या पदार्थविज्ञानात आहे. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकानुसार नेहमीच्या स्प्रिंकलर लाइनला २०० पीएसआय, म्हणजे साइटच्या भाषेत सुमारे १४ किलो प्रेशर, दोन तास धरून ठेवावं लागतं. या दाबाखाली एक लिटर पाणी जेमतेम चिमूटभर आकसतं आणि त्यात अर्धा ज्यूलही ऊर्जा साठत नाही. तेवढ्याच दाबाखालच्या एक लिटर हवेत हजारांत मोजावी इतकी ऊर्जा असते. प्लास्टिकची भिंत ताणली जाते, तिच्यातली ऊर्जा पाण्याच्या खात्यात धरली तरीही हवा शेकडो पटींनी पुढे राहते. म्हणून पाण्याच्या चाचणीत सांधा सुटला तर पिचकारी उडते, गेजचा काटा खाली येतो, फार तर छत भिजतं. हवेच्या चाचणीत तडा गेला की प्रसरण पावणारी हवा तो तडा पुढे पळवत नेते आणि पाइपाच्या धारदार चिपा उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, ओशाने, जमिनीवरून नेलेल्या पीव्हीसी पाइपात दाबाची हवा वापरण्याविरुद्ध १९८८ मध्येच इशारा दिला होता. लोखंड ताणलं जातं, वाकतं, फाटतं. त्याचे असे तुकडे सहसा होत नाहीत. त्यामुळे लोखंडी लाइनला चालणारी रीत प्लास्टिकला लावता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मानकाचाच आधार घेऊन. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर ४० पीएसआय हवेने २४ तासांची तात्पुरती चाचणी घ्यायला एनएफपीए १३ मुभा देतं, मग हरकत कशाची? हरकत अशी की तेच मानक प्लास्टिक पाइप उत्पादकाच्या सूचनांनुसार बसवायला सांगतं आणि सीपीव्हीसी स्प्रिंकलर पाइपांच्या पुस्तिकांत दाबाच्या हवेने चाचणी घ्यायला सहसा मनाईच असते. शिवाय ४० पीएसआय ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक इंची पाइपाच्या १०० मीटर लाइनमध्ये सुमारे ६० लिटर हवा मावते आणि तेवढ्या दाबालाही तिच्यात साधारण आठ हजार ज्यूल साठतात. ५० किलोचं सिमेंटचं पोतं पाच मजल्यांच्या गच्चीवरून सोडलं तर खाली पोचताना त्यात एवढीच ताकद असते. आणि एवढा धोका पत्करून सिद्ध काय होतं? तीन किलोला टिकलेला सांधा १४ किलोला टिकेल याची ग्वाही मिळत नाही, पाण्याची चाचणी नंतर करावीच लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. मग रात्री पारा शून्याखाली जाणाऱ्या ठिकाणी पाणी भरणं म्हणजे पाइप फोडायला आमंत्रणच नाही का? आहे, आणि ते मान्य करूनच बोललं पाहिजे. बर्फ जिथे धरतो तिथेच पाइप फुटेल असंही नाही. बर्फाचं बूच आणि बंद स्प्रिंकलर यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी सरकायला जागा नसल्याने दाब भयंकर वाढवतं आणि बर्फापासून दूरचा फिटिंगही उडू शकतो. पण यावर उपाय आहेत. इमारत बंदिस्त करून, उबदार ठेवून, चाचणी दुपारी घ्यावी आणि संध्याकाळच्या आत पाणी पूर्ण उतरवावं. खोलगट जागी साचलेलं पाणी विसरलं तर चाचणी उत्तम होऊनही पाइप रात्री फुटतो. गाडीच्या रेडिएटरमधलं ग्लायकॉल ओतण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे, कारण ग्लायकॉलने ताणाखालच्या सीपीव्हीसीला चिरा पडतात. त्यासाठी उत्पादकाने मंजूर केलेलं ग्लिसरीनचं मिश्रणच चालतं. आणि जिथे कायमच गोठणं आहे, उदाहरणार्थ उणे १८ अंशांच्या शीतगृहात, तिथे पाण्याने भरलेली प्लास्टिक लाइन मुळात नसावीच. तिथली जागा लोखंडाच्या कोरड्या यंत्रणेची.

नंदुरबारच्या सातपुड्यात तोरणमाळ आणि डाब इथे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर काही हिवाळ्यांनी येतात. जळगाव-धुळ्याकडे मात्र पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि तेवढ्यावर भागतं. इथे पाणी गोठण्याचा प्रश्न येत नाही. तरी थंडी आडवी येतेच, सोल्युशनमार्गे. सोल्युशन प्लास्टिक विरघळवून दोन पृष्ठभाग एकजीव करतं आणि त्यातला द्रव उडून गेल्यावरच सांधा ताकद धरतो. उन्हाळ्यात काही तासांत होणारं हे काम थंडीत बराच जास्त वेळ घेतं, आणि गोठणबिंदूजवळ तर दिवस लागतात. डब्यावर किंवा पुस्तिकेत पाइपाची मापं, तापमान आणि थांबायची वेळ यांचा तक्ता असतो. जानेवारीत मे महिन्याच्या अंदाजाने पंप मारला की कच्चा सांधा सुटतो आणि दोष पाइपाला दिला जातो. चाचणी सुरू झाल्यावर गेज थोडा उतरला म्हणून घाबरायचंही कारण नाही. प्लास्टिक दाबाखाली किंचित फुगत राहतं. पुन्हा दाब भरून, सांधे बोटाने चाचपून पाहावेत.

राहिला घाईचा मुद्दा. रुग्णालय लवकर सुरक्षित व्हावं म्हणूनच तर काम चाललंय, मग दोन दिवस का थांबायचं, असं ठेकेदार विचारतो. तपासणीच्या कागदावर दाबाबरोबर तापमान आणि शेवटचा सांधा जोडल्याची वेळ नोंदवण्याची सक्ती केली तर हा वाद साइटवर होणारच नाही. ते दोन दिवस वेळापत्रकातच धरले जातील. पाणी उतरवल्याची वेळही त्याच कागदावर यावी. सांधा नेमका कसा धरतो, हे पुढच्या लेखांकात सविस्तर पाहू.