टाकीची पाळी

सेप्टिक टाकी बांधून झाली, वर फरशी बसली की घरातली माणसं तिला विसरतात. तिची आठवण होते ती शौचालय तुंबल्यावर, बोळात दुर्गंधी सुटल्यावर. मग कुणाकडून तरी सक्शन गाडीवाल्याचा नंबर मिळवायचा, तो सांगेल तो दर कबूल करायचा आणि झाकण सापडत नाही म्हणून फरशी फोडायची. आपल्याकडच्या लहान शहरांत आणि खेड्यांत मैला उपसण्याचं काम वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या वाईनं आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनं ही रीत मोडली. आधी 2018 मध्ये वाईत आणि पुढे सिन्नरमध्ये ठरलं की, तक्रार येवो न येवो, प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची. शहराचे भाग पाडले आणि दर वर्षी एका भागाची पाळी लावली. दोन्ही ठिकाणी दिवसाला 70 हजार लिटर मैला गाळ हाताळू शकणारी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. नगरपालिकांच्या मदतीला अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं पाणी आणि स्वच्छता या विषयावरचं केंद्र होतं. घरोघरच्या पाहणीसाठी या केंद्राचं सॅनिटॅब नावाचं ॲप होतं. पाळीनं होणाऱ्या उपशावर नजर ठेवण्यासाठी सॅनिट्रॅक आलं.

तीनच वर्षं का, हे टाकीच्या पोटात काय चालतं ते पाहिल्यावर कळतं. जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळलेलं पाणी बाहेर पडतं. तळाचा गाळ वाढत जातो तशी मधली जागा आक्रसते. पाणी निवळायला थांबतच नाही. मैला सरळ गटारात, तिथून ओढ्यात आणि नदीत जातो. वाईसारख्या कृष्णाकाठच्या गावात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गंमत नव्हे, दुःख असं की घरमालकाला यातलं काहीच दिसत नाही. ‘दहा वर्षं झाली, अजून भरली नाही’ असं तो अभिमानानं सांगतो, तेव्हा त्याची टाकी बहुधा कधीच भरलेली असते आणि तिच्यातून मैला नुसता वाहून जात असतो.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. वर्षानुवर्षं न उपसलेला गाळ तळाशी घट्ट होतो. गाडीचा पाइप तो ओढू शकत नाही. मग कुणीतरी फावडं आणि बादली देऊन माणसाला आत उतरवतो. आतल्या विषारी वायूनं तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. हातानं मैला उपसायला लावण्यावर आणि संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. वेळच्या वेळी उपसलेल्या टाकीतला गाळ पातळ राहतो, पंप तो खेचून घेतो आणि माणसाला आत जावंच लागत नाही. म्हणून मला या वेळापत्रकाचं मोल नदीच्या स्वच्छतेपेक्षाही जास्त वाटतं. कायदा माणसाला उतरवू नका म्हणतो. वेळापत्रक त्याला उतरवण्याचं कारणच उरू देत नाही.

पण वेळापत्रक पाळायचं तर आधी यादी हवी. कोणत्या मिळकतीत टाकी आहे, तिला किती कप्पे आहेत, झाकण कुठे आहे, रस्त्यापासून पाइप किती लांब टाकावा लागेल, बोळात मोठी गाडी शिरते की छोटी आणावी लागेल, या माहितीशिवाय गाडी नुसती फिरत राहते. सॅनिट्रॅकचा पाया हाच आहे. गाडीवाल्याला मोबाइलवर ठरलेल्या घरांची नावं दिसतात. काम झालं की तिथेच नोंद होते, घरमालकाची सही घेतली जाते. गाडी प्रक्रिया केंद्रावर पोहोचली की तिथला माणूस आपली नोंद करतो. नगरपालिकेतल्या स्वच्छता निरीक्षकाला दोन्ही दिसतात.

या दोन नोंदींचा मेळ हा सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. मैला उपसणं जितकं अवघड, त्याहून अवघड असतं तो योग्य जागी नेऊन टाकणं. केंद्र लांब, डिझेल महाग, वाटेत ओढा किंवा पडीक रान. अंधारात तिथेच नळी सोडून दिली तर कुणाला कळणार? घरापाशी उपसलेली गाडी केंद्रात पोहोचलीच नाही, हे कागदी वहीतून महिन्यानं कळलं असतं, कदाचित कधीच नाही. इथे ते लगेच उघडं पडतं. शिवाय ठेकेदाराचे पैसे उपसलेल्या टाक्यांच्या हिशेबावर असल्यामुळे नोंद नीट ठेवणं हा त्याचाही स्वार्थ होतो. घरमालकाकडून त्या दिवशी वेगळे पैसे घेतले जात नाहीत. खर्च स्वच्छता करातून आणि नगरपालिकेच्या इतर उत्पन्नातून भागतो. दारात दराची घासाघीस नाही, म्हणून गरिबाघरची टाकीही बंगल्याच्या टाकीइतक्याच हक्कानं यादीत येते.

नकारही येतात. मालक मुंबईला, घराला कुलूप. नुकत्याच बसवलेल्या फरशीला हात लावू द्यायचा नाही. ‘आमची भरलेली नाही’ हे तर ठरलेलंच. अशा घरी गाडी गेली होती आणि काम का झालं नाही, एवढी नोंद राहिली तरी पुढच्या खेपेला कुणाशी काय बोलायचं ते कळतं. चांगल्या प्रणालीची खरी परीक्षा मला या रकान्यातच दिसते.

आता खेड्यांचं. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यात मैला गाळाचा विचार आला आणि सातारा जिल्ह्यातच एक चांगली वाट निघाली. सातारा शहराच्या प्रक्रिया केंद्राची पूर्ण क्षमता वापरली जात नव्हती. जकातवाडी, सोनगाव, कोडोली, देगाव या शेजारच्या गावांना त्यात वाटा देण्याचं ठरलं. खटाव तालुक्यातल्या मायणीत आसपासच्या गावांसाठी मिळून वेगळं केंद्र आलं. शहराजवळच्या गावांसाठी हे ठीक. पण डोंगरातल्या, एका एस.टी.वर अवलंबून असलेल्या वाडीचं काय?

तिथे एका टाकीसाठी गाडी चाळीस किलोमीटर नेणं कुणालाच परवडत नाही. आसपासच्या टाक्या एकाच दिवशी जुळल्या तरच हिशेब बसतो, आणि हे जुळवणं माणसाच्या आठवणीवर सोडून भागत नाही. अमेरिकेत सुमारे पाचातलं एक घर सेप्टिक टाकीवर आहे. तिथल्या ग्रामीण भागातले उपसणारे व्यावसायिक याच कामासाठी संगणक वापरतात: टाकीची जागा, मागच्या उपशाची तारीख, पुढची आठवण, एकाच रस्त्यावरची गिऱ्हाइकं एका दिवशी. पण तिथे टाकीची जबाबदारी घरमालकाची, आणि आठवण आली तरी उपसायचं की नाही हे बहुतेक ठिकाणी तोच ठरवतो. आपल्या वाडीवस्तीवर हे ओझं एकट्या घरावर टाकलं तर सगळ्यात गरीब घर सगळ्यात शेवटी उपसलं जाईल. म्हणून यादी ग्रामपंचायतीची हवी आणि गाडी अनेक ग्रामपंचायतींची मिळून.

अशा ठिकाणच्या ॲपला रेंज नसतानाही चालता आलं पाहिजे. नोंद मोबाइलमध्ये राहावी आणि खाली बाजाराच्या गावात आल्यावर पुढे जावी. पावसाळ्यात घाटरस्ते बंद होतात, चिखलात भरलेली गाडी रुतते, त्यामुळे पाळ्या दिवाळीनंतर ते मेअखेर बसवाव्या लागतील. आणि एक गोष्ट पाहणीतच वेगळी काढली पाहिजे: दोन खड्ड्यांचं शौचालय. त्यात एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यात मैल्याचं खत होतं. त्या घराला गाडीची गरजच नाही. जिथे अजून बांधकाम व्हायचं आहे तिथे हेच बांधायला सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी जितक्या कमी घरांना लागेल तितकी उरलेल्यांना ती वेळेवर मिळेल.

यासाठी नवं खातं उघडायची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये प्रत्येक मिळकत आधीच लिहिलेली आहे. ग्रामपंचायत अधिकारी घरपट्टीच्या फेरीला निघतील तेव्हा प्रत्येक दारात चार प्रश्न जास्त विचारावेत: टाकी आहे की दोन खड्डे, झाकण कुठे आहे, गाडी किती जवळ येते, शेवटचं कधी उपसलं. गाडी विकत घेण्याचा ठराव त्यानंतरच्या ग्रामसभेत आणता येईल.