भानाचा पुरावा आणि वॉर्ड क्रमांक 4

प्रभादेवी स्थानकाच्या पूर्वेला, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, परळचे केईएम रुग्णालय आहे. मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णाला भान आहे की नाही हे कसे ठरवावे आणि त्याला जगवत ठेवण्याचा निर्णय कोणी घ्यावा, या प्रश्नाची भारतातील कायदेशीर चर्चा येथल्या वॉर्ड क्रमांक 4 लगतच्या एका खोलीपर्यंत जाऊन पोहोचते. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथील एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा तुटला, आणि वयाच्या पंचविशीत अंथरुणाला खिळलेल्या अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने मरण पावेपर्यंत केईएममध्येच राहिल्या.

जागे असणे आणि भान असणे या मेंदूच्या दोन वेगळ्या क्षमता आहेत, हे येथे आधी ध्यानात घ्यावे लागते. झोप-जागेचे चक्र प्रामुख्याने मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून चालते, तर स्वतःची व भोवतालची जाणीव मेंदूचे बाह्य आवरण आणि खोलवरचा थॅलॅमस यांच्यातील जोडण्यांवर अवलंबून असते. कोमात दोन्ही क्षमता हरपलेल्या असतात. व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये, म्हणजे ब्रायन जेनेट व फ्रेड प्लम यांनी 1972 मध्ये नाव दिलेल्या अवस्थेत, रुग्ण डोळे उघडतो, झोपतो, कण्हतो, पण त्यामागे जाणीव असल्याची खूण सापडत नाही. अशी खूण अधूनमधून, परंतु निःसंशयपणे, दिसू लागली की त्या अवस्थेला किमान भानाची अवस्था म्हणतात. तिचे निकष 2002 मध्ये मांडले गेले. मेंदूमृत्यू याहून अगदी निराळा आहे. त्यात ब्रेनस्टेमचे कामही कायमचे थांबलेले असते आणि अवयवदानाच्या संदर्भात 1994 च्या कायद्याने त्याला मृत्यूच मानले आहे.

कागदावर स्पष्ट दिसणाऱ्या या सीमारेषा रुग्णाच्या खाटेजवळ पुसट होतात. केवळ नेहमीच्या निरीक्षणावर विसंबून व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या रुग्णांपैकी सुमारे 40 टक्क्यांमध्ये प्रमाणित चाचणीने भानाच्या खुणा सापडल्याचे 2009 च्या एका अभ्यासात दिसले. त्याआधी 2006 मध्ये एड्रियन ओवेन यांच्या चमूने अशाच एका तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूचा निरोगी माणसात उजळतो तोच भाग स्कॅनमध्ये उजळला. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूचनेला कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचे आढळले.

ज्येष्ठ पत्रकार व लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांचे अन्न थांबवावे अशी याचिका केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जे. व्ही. दिवाटिया, रूप गुरसहानी आणि नीलेश शहा या तीन डॉक्टरांना तपासणीसाठी केईएममध्ये पाठवले. कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. रुग्णालयाच्या बाजूने मात्र असे सांगण्यात आले की मासे किंवा चिकन सूप मिळाल्यावर अरुणा यांच्या चेहऱ्यावर हसू उमटते, नावडते अन्न त्या आवाज करून नाकारतात आणि शौचाच्या वेळी काढलेला आवाज परिचारिकांना ओळखता येतो. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता, हे लक्षात घेतले तर या निरीक्षणांना निव्वळ माया म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. ज्या खुणा अधूनमधूनच उमटतात, त्या थोड्या वेळाच्या तपासणीपेक्षा रोज अंग पुसणाऱ्या हातांना दिसण्याचा संभव अधिक असतो.

पण यातूनच अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. ते हसू खरोखर जाणिवेचे असेल, तर आखडलेल्या सांध्यांची वेदना आणि दृष्टी हरपल्यामुळे आलेला अंधारही जाणिवेपर्यंत पोहोचत असणार. भान सिद्ध झाले म्हणजे जगवण्याचा पक्ष आपोआप बळकट होतो, हा समज म्हणूनच घाईचा आहे.

ब्रिटनमध्ये टोनी ब्लँड यांच्या प्रकरणात 1993 मध्ये नळीने दिले जाणारे अन्न हा वैद्यकीय उपचार मानून तो थांबवण्यास परवानगी देण्यात आली. अरुणा यांना मात्र अनेक वर्षे तोंडानेच मऊ अन्न भरवले जात होते. 2010 मध्ये मलेरिया झाल्यानंतर नाकातून नळी घालावी लागली. यंत्र बंद करणे आणि भरवणारा हात मागे घेणे यांत कायद्याला फरक करायचा नसेलही, परंतु ज्यांना तो हात मागे घ्यावा लागणार होता त्या परिचारिकांना तो फरक जाणवत होता. अरुणा यांना केईएममधून हलवण्याचा महापालिकेचा प्रयत्नही परिचारिकांनी पूर्वी हाणून पाडला होता.

न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने 7 मार्च 2011 रोजी याचिका फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या संमतीने निष्क्रिय दयामरण, म्हणजे जीव टिकवणारे उपचार थांबवणे, शक्य असल्याचे मान्य केले. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असेही पीठाने ठरवले. निर्णय खाटेजवळच्या माणसांकडे सोपवणे योग्यच होते. मात्र त्यांची इच्छा म्हणजेच रुग्णाची इच्छा, ही त्यामागची धारणा तपासली गेली नाही. सांभाळणाऱ्याला माणूस गमवायचा नसतो, आणि ती गरज रुग्णाच्या हिताशी दर वेळी जुळतेच असे नाही.

पुढे 9 मार्च 2018 च्या निकालाने सज्ञान व्यक्तीला आपल्या उपचारांबाबत आधीच वैद्यकीय इच्छापत्र लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सुलभ करण्यात आली. न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेले साक्षांकनही आता पुरते, आणि उपचार थांबवण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांची संमती घ्यावी लागते. तरीही किमान भानाच्या अवस्थेत या कागदाचा अधिकार कुठवर चालावा हे सरळ नाही. धडधाकट माणसाने एका संध्याकाळी लिहिलेले इच्छापत्र, सूप ओठांना लागताच हसणाऱ्या त्याच माणसावर बंधनकारक मानायचे की त्या हसण्याला नवी इच्छा समजायचे, हे मंडळांना प्रत्येक खाटेपाशी नव्याने ठरवावे लागेल.