आमच्या घरी समुद्र आटतो!

रायगड जिल्ह्याला समुद्र लाभला आहे खरा. पण तो अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या मंडळींना! आम्हा कर्जत-खालापूरकरांच्या वाट्याला आला सह्याद्री. उल्हास काय नि पाताळगंगा काय, आमचे सारे पाणी गोडे. त्यामुळे "बाबा, घरात समुद्र आणू या," असा हट्ट कन्येने धरला, तेव्हा मी तो हसण्यावारी नेला. पण मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय लहानपणी मीही काचेला नाक लावून पाहिले होते. मुलगी शेवटी कुणाची?

दोनशे लिटरची काचेची पेटी आली, सच्छिद्र दगड आले, पाणी खेळते ठेवणारा पंप आला. खरी पोवळी मात्र आणली नाहीत. २००१ साली त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले आहे. पुढे दगडांवर शेवाळ माजले, तेव्हा दुकानदाराने पाण्याच्या पिशवीतून एक काळा काटेरी गोळा दिला. "सर, हा अर्चिन. सगळं साफ करील."

भाषेच्या प्राध्यापकाला शब्द चघळल्यावाचून राहवत नाही. 'अर्चिन' हे इंग्रजीत जमिनीवरच्या एका लहानशा काटेरी प्राण्याचे जुने नाव. आमच्या डोंगरात साळिंदर आहेच. तेव्हा सौभाग्यवतींनी याचे बारसे केले, साळोबा!

साळोबाला ना डोके, ना डोळे. तोंड खालच्या अंगाला, त्यात पाच दात. दातांच्या या यंत्राला 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. काट्यांमधून नळ्यांसारखे बारीक पाय काढून स्वारी रात्री काच चढे, आणि सकाळी दगडांवर खरवडल्याच्या खुणा दिसत. हे काम क्षुल्लक समजू नका. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे अर्चिन रोगाने बहुतेक सारे मेले, आणि तिथली पोवळी शेवाळाखाली दडपली गेली.

एप्रिल आला. कर्जतचा उकाडा! पाणी तापू नये म्हणून पेटीवर पंखा लावला. रोज तीनेक लिटर पाणी उडून जाई. मी इमानेइतबारे लिटरला ३५ ग्रॅम या मापाने पेटीसाठी मिळणारे मीठ विरघळवून तेवढेच पाणी भरी. उत्तरपत्रिका तपासण्याच्या गडबडीत पेटीतला खारेपणा मोजायचे मात्र बारा दिवस राहून गेले.

तेराव्या दिवशी साळोबा तळाशी गप्प बसलेला. काटे मलूल, पाचसहा तर वाळूत गळून पडलेले. कन्या रडकुंडीला आली. खारेपणा मोजला, तो ३५ च्या जागी ४१!

"अहो, पण रोज मीठ कशाला घालता?" सौ.नी विचारले.

"अगं, समुद्राचं पाणी खारटच हवं ना!"

"आमटी आटली तर तिच्यात पाणी घालतात, की आणखी मीठ?"

मी एम. ए. झालेला माणूस निरुत्तर! उडते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. अर्चिनच्या अंगातला द्रव भोवतालच्या पाण्याइतकाच खारा होत जातो; त्याला तो आवरता येत नाही. म्हणूनच एकदम गोडे पाणी ओतणेही घातक. आम्ही सहा दिवस रोज थोडे खारे पाणी काढले आणि तेवढेच गाळलेले शुद्ध पाणी थेंबथेंब सोडले. रात्रीही पाळीपाळीने उठून पाहिले. आठव्या दिवशी काटे ताठ झाले आणि स्वारी काच चढू लागली.

"बाबा, याला अलिबागला सोडून येऊ या?" कन्येने हळूच विचारले.

मला नाही म्हणावे लागले. तो कुठल्या समुद्रातून आला, कुणास ठाऊक! आणि पेटीतला रोग त्याच्याबरोबर समुद्रात जायचा. "नाही बाळ. आपण आणला, आता आपणच सांभाळायचा."

त्यानंतर दुसरा जीव आम्ही घरात आणला नाही. पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची खूण केली आहे. ती पाहून रोज सकाळी सौ. गोडे पाणी भरतात. मीठाच्या डब्याला हात लावायची मला बंदी आहे! दगडांवरचे शेवाळ आता संपत आले. म्हणून दिवाळीच्या पहाटेही आमच्या फराळाआधी साळोबाला वाळलेल्या समुद्री शेवाळाची एक पट्टी मिळते. ती दगडाखाली अडकवायचा मान कन्येचा.