घराच्या भावात शाळेचा वाटा

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये घर बघायला आलेलं जोडपं आर.एल.ची, म्हणजे भूखंड नियमित असल्याच्या रिलीज लेटरची, चौकशी करतं आणि लगेच विचारतं, "स्कूल व्हॅन दारापर्यंत येते का?" उत्तर 'हो' असलं की मालक भाव खाली आणत नाही.

शाळेमुळे घराची किंमत किती चढते, हे मोजणं कठीण. चांगल्या शाळेजवळ रस्ते आणि दुकानंही बहुधा चांगली असतात. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1999 साली नामी युक्ती केली. बॉस्टनच्या उपनगरांत पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते. त्यांनी शाळांच्या हद्दरेषेच्या दोन्ही अंगांची घरं ताडून पाहिली. वस्ती तीच, शाळा वेगळी! परीक्षेतले गुण 5 टक्के जास्त, तर घराला सुमारे 2.5 टक्के जादा मोल.

आपल्याकडे खासगी शाळेला अशी हद्द नाही. मात्र शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) गरीब व वंचित मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांसाठी घरापासून शाळेचं अंतर मोजतात, आणि 1 किलोमीटरच्या आतल्या मुलांना प्राधान्य मिळतं. म्हणजे गरीब भाडेकरूलाही पत्ता जपावा लागतो. मला हे फार खुपतं. मालकाने सांगितलेला भाव घासाघीस करून उतरवता येतो. घरभाडं वाढलं म्हणून लांब गेलेल्या कुटुंबाच्या लेकराचं ते प्राधान्य मात्र जातं.